जखमेच्या नर्सिंगचं सर्टिफिकेशन: गोव्यातून तयारी करायची तर आधी वही घ्या

दोन दिवसांच्या कार्यशाळेहून परतलेली आमची एक ज्युनिअर सिस्टर ड्युटीवर आली तीच सोनेरी किनारीचा कागद घेऊन. ‘सिस्टर, आता मी वुंड केअरमध्ये सर्टिफाइड ना?’ तिचा उत्साह बघून नाही म्हणणं जिवावर आलं होतं. तरीही म्हटलं. त्या दिवशी तिला तोंडी सांगितलेलं सगळं इथे सविस्तर लिहिते आहे, कारण दर वर्षी कुणीतरी नवीन सिस्टर किंवा ब्रदर येऊन हाच प्रश्न विचारतो.

गोंधळाचं मूळ आपल्या भाषेतच आहे. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, सर्टिफिकेट आणि सर्टिफिकेशन. मराठीत आपण दोघांनाही ‘प्रमाणपत्र’च म्हणतो. कोर्स पूर्ण केल्यावर मिळतं ते सर्टिफिकेट. ते शिकवणारी संस्थाच देते, त्याला मुदत नसते आणि ते कुणी काढूनही घेत नाही. सर्टिफिकेशनचं तसं नाही. ते शिकवणाऱ्याहून वेगळं असलेलं मंडळ देतं. तुमची नोंदणी, पदवी आणि अनुभव तपासतं, परीक्षा घेतं आणि पास झालात तर ठरावीक वर्षांपुरती नावामागे अक्षरं लावायची परवानगी देतं. मुदत संपली आणि नूतनीकरण केलं नाही, तर ती अक्षरं काढावी लागतात. नोकरीच्या अर्जात कोर्सचा कागद जोडून ‘सर्टिफाइड’ लिहिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण परदेशातल्या मुलाखतीत हे पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं.

गोव्यात या कौशल्याची गरज आहे का, असं विचारणाऱ्यांना मी एकच आकडा सांगते. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाचे देशभराचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, त्यात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे प्रौढांत चारातला एक. बांबोळीचं मेडिकल कॉलेज असो, म्हापशाचं जिल्हा रुग्णालय असो की सत्तरीतलं एखादं आरोग्य केंद्र, ड्रेसिंग रूमच्या बाहेरच्या बाकावर पायाला पट्टी बांधलेलं कुणीतरी बसलेलं असतंच. शेतात अनवाणी उतरलेला, देवळात तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घातलेला, काटा रुतल्याचं चार दिवस कळलंच नाही असा.

आधी नोंदणी

कुठल्याही मंडळाचा अर्ज उघडा, पहिली अट एकच असते: परिचारिका म्हणून तुमची नोंदणी चालू हवी आणि तिच्यावर कसलाही निर्बंध नको. आपल्याकडे याचा अर्थ गोवा नर्सिंग कौन्सिलकडची नोंदणी. तुम्ही बेळगाव, कोल्हापूर किंवा मंगळूरला शिकून आला असाल आणि नोंदणी अजून तिकडच्याच राज्याची असेल, तर ती इकडे आणायचं काम आधी उरका. सर्टिफिकेशनचा अर्ज दोन राज्यांच्या मध्ये लोंबकळत भरता येत नाही.

इंडियन नर्सिंग कौन्सिलने ठरवलेल्या निकषाप्रमाणे नोंदणीचं नूतनीकरण ५ वर्षांनी होतं आणि त्यासाठी १५० तासांचं सातत्य शिक्षण, म्हणजे नोकरी करता करता चालू ठेवायचं शिक्षण, लागतं. ५ तासांना १ क्रेडिट, म्हणजे ३० क्रेडिट. वर्षाला ३० तास हे वाचायला सोपं वाटतं. पण पाचव्या वर्षाच्या डिसेंबरात एकदम शंभर तास शोधत फिरणाऱ्यांची दर वेळी धावपळ उडालेली असते. राष्ट्रीय नोंदवहीतला युनिक आयडी क्रमांकही मिळवून ठेवा.

२०२३ च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाच्या कायद्याने १९४७ चा जुना कायदा बाजूला करून नवी रचना आणली आहे. त्यामुळे पुढेमागे कागदांवरच्या संस्थांची नावं बदललेली दिसतील. घाबरू नका, जुने कागद फक्त फेकू नका.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. सर्टिफिकेशन म्हणजे लायसन्स नव्हे. अक्षरं लागली म्हणून तुमच्या कामाची हद्द वाढत नाही. मेलेली त्वचा ब्लेडने काढायची का, कुणी काढायची, हे तुमच्या रुग्णालयाचे नियम आणि डॉक्टरांचा आदेशच ठरवणार. सरकारी नोकरीत पगारही भरती नियमांतल्या पात्रतेवर ठरतो, नावामागच्या अक्षरांवर नाही. हे माहीत असूनही करायचं असेल तर जरूर करा. मी केलेल्या कष्टांपैकी हे मला सर्वांत जास्त उपयोगी पडले, मात्र पगाराच्या स्लिपमध्ये नव्हे.

कुठलं सर्टिफिकेशन?

भारतात पोस्ट बेसिक डिप्लोमे बरेच आहेत: क्रिटिकल केअर, ऑन्कॉलॉजी, ऑपरेशन रूम, ऑर्थोपेडिक, नवजात शिशू वगैरे, साधारण एक वर्षाचे. ते मिळाले तर उत्तमच, आणि त्यांची नोंद कौन्सिलकडे होते. पण जखमेची काळजी या विषयात जगभर ज्याला सर्टिफिकेशन म्हणतात, त्याचे मोठे रस्ते अमेरिकन मंडळांचे आहेत. नवख्या माणसाने त्यातली तीन समजून घेतली की पुरे.

पहिलं वुंड, ऑस्टमी अँड कॉन्टिनन्स नर्सिंग सर्टिफिकेशन बोर्ड. जखम, स्टोमा (मल किंवा मूत्र बाहेर यायला पोटावर शस्त्रक्रियेने केलेलं तोंड) आणि मलमूत्रावरचं नियंत्रण अशा तीन शाखा. फक्त जखमेचं सर्टिफिकेशन घेतलं तर सीडब्ल्यूसीएन, तिन्ही घेतली तर सीडब्ल्यूओसीएन. हे फक्त परिचारिकांसाठी आहे आणि अटी सगळ्यांत कडक आहेत. नोंदणीकृत परिचारिका हवी आणि पदवी हवी. पदवी नर्सिंगचीच असावी असा हट्ट नाही, पण पदवी म्हणजे पदवी. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीचा डिप्लोमा, केलेल्यांसाठी इथेच गाडी अडते. तुमचा जीएनएम डिप्लोमा कितीही चांगला असला, बांबोळीच्या वॉर्डात तुम्ही पंधरा वर्षं घासली असली, तरी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी आधी करावं लागेल. मला हे पटत नाही, पण नियम असा आहे.

पुढे दोन वाटा. एक, त्यांच्या सोसायटीची मान्यता असलेला शिक्षणक्रम गेल्या ५ वर्षांत पूर्ण केलेला असणं. दुसरी अनुभवाची वाट: गेल्या ५ वर्षांत त्या शाखेत प्रत्यक्ष रुग्णाजवळचे १,५०० तास, त्यातले ३७५ अर्जाच्या आधीच्या एका वर्षातले, शिवाय त्याच शाखेचं ५० तासांचं सातत्य शिक्षण. दुसऱ्या शाखेसाठी अर्ज केला तर तास पुन्हा वेगळे. जखमेचे तास स्टोमाला चालत नाहीत.

दुसरं मंडळ नॅशनल अलायन्स ऑफ वुंड केअर अँड ऑस्टमी, त्यांचं डब्ल्यूसीसी. इथे परिचारिकांबरोबर फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर असे सगळे येतात आणि तिकडच्या प्रॅक्टिकल नर्सनाही दार उघडं आहे. मुदत ५ वर्षं.

तिसरं अमेरिकन बोर्ड ऑफ वुंड मॅनेजमेंट. त्यांचं सीडब्ल्यूएस पदवीधरांसाठी, सोबत जखमांच्या कामाचा ३ वर्षांचा अनुभव हवा. पदवी नसलेल्यांसाठी सीडब्ल्यूसीए आहे. जीएनएमवाल्यांनी सीडब्ल्यूसीए आणि डब्ल्यूसीसी यांची तुलना करून बघावी.

या मंडळांचे नियम मुळात त्यांच्या देशातलं लायसन्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. म्हणून पैसे भरण्याआधी मंडळाला सरळ ईमेल करा: भारतातल्या राज्य कौन्सिलची नोंदणी चालेल का, पदवीची समकक्षता कुणाकडून तपासून आणायची, इंग्रजीतली गुणपत्रकं (ट्रान्सक्रिप्ट) कुणी पाठवायची. आलेलं उत्तर छापून फाईलला लावा. फोनवर ‘यस यस’ म्हणणाऱ्या एजंटाचं ऐकू नका. नियमपुस्तिका दर वर्षी बदलू शकते, त्यामुळे मैत्रिणीकडची तीन वर्षांपूर्वीची पीडीएफ वाचून अर्ज भरू नये. अर्ज भरणार त्या वर्षीची पुस्तिका मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी.

स्टोमाच्या कामात रस असेल तर आणखी एक दार जवळ आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये एन्टरोस्टोमल थेरपीचं प्रशिक्षण होतं, आणि या क्षेत्राची जागतिक संघटना, डब्ल्यूसीईटी, १९७८ पासून आहे. या शाखेची पहिली थेरपिस्ट नॉर्मा गिल मुळात परिचारिका नव्हतीच. ती स्वतः इलिओस्टमी झालेली, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलेली, रुग्ण होती आणि क्लीव्हलँडच्या डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये तिला कामावर घेतलं. पिशवी गळते तेव्हा माणसाला काय वाटतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

वही

आता मुख्य गोष्ट. सगळे परीक्षेच्या पुस्तकापासून सुरुवात करतात. मी सांगते, आजच दोनशे पानी वही विकत घ्या.

१,५०० तास म्हणजे नेमकं किती? सर्जिकल वॉर्डातली ८ तासांची ड्युटी म्हणजे ८ तास नव्हेत. त्यात गोळ्या वाटणं, आयव्ही लावणं, डिस्चार्जचे कागद, नातेवाइकांचे प्रश्न हे सगळं असतं. जखमेशी थेट संबंध असलेलं काम धरलं, म्हणजे तपासणी, मोजमाप, ड्रेसिंग, व्हॅक (जखमेतला पाझर ओढून घेणारं यंत्र) लावणं-बदलणं, रुग्णाला आणि घरच्यांना शिकवणं, तर एका ड्युटीत प्रामाणिकपणे साधारण २ तास निघतात. म्हणजे ७५० ड्युट्या. महिन्याला २२ ड्युट्या धरल्या तर जवळजवळ ३ वर्षं. ५ वर्षांच्या चौकटीत हे आरामात बसतं.

अडकवतं ते दुसरं कलम, शेवटच्या वर्षातले ३७५. दिवसाला २ तासांनी १८८ ड्युट्या. एरवी वर्षात २६० च्या आसपास ड्युट्या होतात, तेव्हा काळजी नाही. पण त्या वर्षात २६ आठवड्यांची प्रसूती रजा आली तर? उरलेल्या सहा महिन्यांत १३२ ड्युट्या, २६४ तास. अर्ज अडला. किंवा त्याच वर्षी तुमची बदली लेबर रूमला झाली तर? तेव्हा अर्जाचं वर्ष रजेच्या आणि बदलीच्या हिशोबाने निवडा. लग्नाची तारीख काढताना पंचांग बघतो ना, तसं इथे रोस्टर बघायचं.

वहीत काय लिहायचं: तारीख, वॉर्ड, जखमेचा प्रकार, काय केलं, किती मिनिटं, आणि वॉर्ड इन्चार्जची सही. रुग्णाचं नाव, केस पेपरचा नंबर, गाव यांतलं काहीही नको. गोव्यात गाव आणि आडनाव सांगितलं की माणूस कोण ते कळतं, मग गोपनीयता कसली राहणार? ‘पुरुष, साठीतले, मधुमेह, उजव्या टाचेला दाबाची जखम’ एवढं पुरे. नमुन्यादाखल एका दिवसाची ओळ: ‘फीमेल सर्जिकल, पोटावरची उघडलेली जखम, मोजमाप, धुणं, अल्जिनेट पॅकिंग, मुलीला घरी पट्टी कशी बदलायची ते दाखवलं, ४० मिनिटं.’

सही त्याच महिन्यात घ्या. हे मी इतकं जोरात का सांगते? माझे पहिल्या दोन वर्षांचे तास बुडाले. मी वही लिहिली होती, नीट लिहिली होती, पण सही पुढे बघू म्हणून ठेवली. तोवर इन्चार्ज सिस्टर निवृत्त झाल्या, नवीन बाईंनी मला त्या वॉर्डात पाहिलंही नव्हतं. त्यांनी सही करायला नकार दिला आणि त्यांचं बरोबरच होतं. आता मी प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवशी सही घेते, आणि वॉर्ड बदलला की जायच्या आधी लेटरहेडवर एक पत्र मागून घेते: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, या वॉर्डात, जखमांच्या कामावर. मॅट्रनच्या ऑफिसात अशा पत्रासाठी चार खेपा घालाव्या लागतात. घाला.

खासगी रुग्णालयात किंवा घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्यांची अडचण वेगळी. घरच्या ड्रेसिंगचे तास मोजायचे तर तुमच्यावर देखरेख करणारा डॉक्टर किंवा संस्था लेखी द्यायला तयार हवी. शेजारच्या आजोबांची पट्टी रोज संध्याकाळी बदलता ते पुण्याचं काम आहे, पण वहीत येत नाही.

आणखी एक: पावसाळा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या कागदांना बुरशी धरते. माझ्या एका मैत्रिणीची जीएनएमची गुणपत्रिका अशीच चिकटून फाटली. वहीच्या प्रत्येक पानाचा दर महिन्याला मोबाईलवर फोटो काढा, ईमेलवर स्वतःलाच पाठवा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

शिक्षणाच्या ५० तासांबद्दल फार लिहित नाही. फक्त एवढं बघा की तास कुणी मान्य केलेत. आपल्या कौन्सिलने क्रेडिट दिलेला कार्यक्रम अमेरिकन मंडळाला चालेलच असं नाही, आणि उलटही. ड्रेसिंग विकणाऱ्या कंपनीने हॉटेलात जेवण घालून दिलेला कागद तर बहुतेक वेळा कुठेच चालत नाही. प्रत्येक कागदावर तारीख, तासांची संख्या, विषय आणि मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव हवं. यातलं एक जरी नसलं तरी ते तिथल्या तिथे लिहून मागा.

नावाचं स्पेलिंग

हसू नका, हा गोव्याचा खास आजार आहे. देसाईत एक एस की दोन? गावकरचं शेवटचं अक्षर ए-आर की ई-आर? आजोबांच्या जन्मनोंदीत पोर्तुगीज वळणाचं आडनाव, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाचं, तुमच्या दहावीच्या बोर्डावर तिसरंच. त्यात लग्न झालं की नाव, मधलं नाव, आडनाव सगळं हलतं. नर्सिंगची नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि आधार कार्डावर दोन्हींचं मिश्रण.

परदेशी मंडळाला हे तीन कागद तीन वेगळ्या बायकांचे वाटतात. अर्जाच्या किमान सहा महिने आधी सगळे कागद टेबलावर एका रांगेत मांडा: दहावी, नर्सिंगची गुणपत्रिका, नोंदणी, पदवी, पासपोर्ट. पासपोर्टावरचं नाव प्रमाण धरा, कारण परीक्षेच्या दिवशी ओळखपत्र म्हणून बहुतेक तोच दाखवाल. बाकीच्यात फरक असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र तयार ठेवा, आणि कौन्सिलकडे नोंदणीतलं नाव बदलायचा अर्ज आधी करा. नंतर परीक्षा केंद्राच्या दारात ‘मीच ती’ म्हणून कुणी ऐकत नाही.

परीक्षा

परीक्षा संगणकावर, बहुपर्यायी, इंग्रजीत. प्राथमिक शाळा मराठी माध्यमातून झालेल्यांना इंग्रजीची भीती असते. त्यांना मी सांगते, केस पेपर इंग्रजीत लिहिता, डॉक्टरांचा राउंड इंग्रजीत ऐकता, मग परीक्षेचं काय? भीती वाक्यांच्या लांबीची असते. रोज एक प्रश्न मोठ्याने वाचा आणि शेवटच्या ओळीत नेमकं काय विचारलंय ते मराठीत सांगा. ‘सर्वांत आधी काय कराल’ आणि ‘सर्वांत महत्त्वाचं काय’ हे दोन वेगळे प्रश्न असतात.

पाठ करण्याच्या गोष्टी थोड्या आहेत, पण पक्क्या हव्यात. ब्रॅडन स्केल, म्हणजे दाबाच्या जखमेचा (बेडसोरचा) धोका मोजायची पट्टी: ६ घटक, बेरीज ६ ते २३, १८ किंवा खाली म्हणजे धोका. जितका आकडा लहान तितका धोका मोठा, हे परीक्षेच्या घाईत उलटं होतं. दाबाच्या जखमेच्या चार अवस्था, शिवाय तळ दिसत नाही म्हणून अवस्था ठरवता येत नाही अशी आणि खोल ऊतींची इजा. २०१६ पासून ‘अल्सर’ऐवजी ‘इन्जुरी’ म्हणतात, कारण पहिल्या अवस्थेत त्वचा फुटलेलीच नसते. मधुमेहाच्या पायासाठी वॅगनरचे ० ते ५ ग्रेड आणि पायाची संवेदना तपासायचा १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर: ०.५ च्या खाली असेल तर दाबपट्टी बांधायचीच नाही, आणि मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्या की आकडा १.३ च्या वर खोटा चढतो. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा, कारण आपले बहुतेक पाय मधुमेहाचेच.

आपल्याला सर्वांत जड जातं ते आकडे नव्हेत, सवय मोडणं. जखम उघडी ठेवा, वारा लागू दे, सुकली की बरी झाली, हे आपण घरी, शाळेत आणि काही वॉर्डांतही ऐकत मोठे झालो. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने चढते. खपलीच्या खाली पेशींना वाट काढत खोल उतरावं लागतं. तरीही आजी येऊन हळद दाबते. तिच्याशी भांडू नका, पुढची ड्रेसिंग तिच्यासमोर करा आणि कडेने आलेली गुलाबी त्वचा तिला दाखवा. परीक्षेतही रुग्णशिक्षणाचे प्रश्न असतात, आणि त्यांचं योग्य उत्तर बहुतेक वेळा हेच असतं: ऐका, दाखवा, करून घ्या.

दुसरी अडचण पुस्तकांची. चित्रांतली त्वचा गोरी असते. पहिल्या अवस्थेतली लाली त्यात टोमॅटोसारखी दिसते. आपल्या सावळ्या पेशंटच्या कंबरेखाली ती दिसतच नाही. रंग आजूबाजूपेक्षा थोडा गडद किंवा जांभळट, हात लावला तर गरम नाहीतर गार, बोटाला टणक किंवा पिठासारखं मऊ, आणि रुग्ण म्हणतो ‘इथं दुखतंय’. तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका, हातमोजा घातलेलं बोट फिरवा, दुसऱ्या बाजूशी ताडून पहा. नुसतं चित्र पाठ करून आलेला इथे चुकतो, वॉर्डात शिकलेला बरोबर येतो. बेडपॅनच्या ओलाव्याने पसरलेली, पातळ, कडा पुसट अशी इजा आणि हाडावरची गोल, ठरावीक कडांची दाबाची इजा यांतला फरकही असाच हातानेच कळतो.

ड्रेसिंगची नावं मात्र जातीने शिका, कंपनीच्या नावाने नव्हे. फोम, अल्जिनेट, हायड्रोकोलॉइड, हायड्रोजेल, चांदीयुक्त. आपल्या स्टोअरमध्ये दोनच प्रकार असतील, तरी कोरड्या जखमेला ओलावा देणारं आणि वाहत्या जखमेचा पाझर शोषणारं कोणतं, एवढं स्वच्छ झालं की अर्धे प्रश्न सुटतात.

खर्चाचं म्हणाल तर शुल्क डॉलरमध्ये असतं. कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क आणि समकक्षता तपासणीचे वेगळे पैसे धरून मगच आकडा काढा. नापास झालात तर पुन्हा शुल्क. दोघी-तिघींनी मिळून पुस्तकं घ्या, परीक्षा मात्र प्रत्येकीने आपल्या पैशांची, आपल्या तयारीची.

नूतनीकरण

पास झाल्याचा मेसेज आला त्याच दिवशी पुढची वही सुरू करा. खरंच.

सीडब्ल्यूसीएन ५ वर्षांचं. नंतर दोन मार्ग: पुन्हा परीक्षा, किंवा व्यावसायिक विकासाचा पोर्टफोलिओ, ज्यात प्रत्येक शाखेला ८० गुण जमवावे लागतात. हे गुण शिक्षणाच्या तासांतून, शिकवण्यातून, प्रकल्पांतून मिळतात. एका वर्षात ८० जमवायचे म्हणजे जीव जातो. ५ वर्षांत वाटले तर वर्षाला १६. तुम्ही वॉर्डात नवीन सिस्टरांना बेडसोरची मोजपट्टी कशी धरायची ते शिकवता, त्याचा कागद करा: विषय, तारीख, किती जणी, मॅट्रनची सही. आपण असली कामं फुकट करतो आणि विसरतो. मंडळ कागद मागतं.

डब्ल्यूसीसीचंही ५ वर्षांनी नूतनीकरण, शिक्षणाच्या तासांवर किंवा पुन्हा परीक्षा देऊन. सीडब्ल्यूएसची पद्धत वेगळी: दर वर्षी शुल्क आणि ६ तासांचं शिक्षण, आणि १० वर्षांनी पुन्हा परीक्षा. दहा वर्षं म्हणून निर्धास्त होणारे दर वर्षीचं शुल्क विसरतात. तुमच्या मंडळाच्या चालू वर्षाच्या पुस्तिकेत हे कलम आधी वाचा, परीक्षेचा अभ्यासक्रम नंतर.

दोन मुदती एकत्र सांभाळायच्या असतात, हे लक्षात ठेवा. गोव्यातली नोंदणी एका तारखेला संपणार, सर्टिफिकेशन दुसऱ्या. नोंदणी आधी संपली आणि तिचं नूतनीकरण रखडलं, तर सर्टिफिकेशनचा अर्जही अडतो, कारण चालू नोंदणी ही तिथलीही पहिली अट. म्हणून दोन्ही तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल शाईने लिहा आणि मोबाईलमध्ये एक वर्ष आधीची, सहा महिने आधीची, तीन महिने आधीची आठवण लावा. कॅलेंडर दर जानेवारीला बदलतं, तेव्हा तारखाही नव्यावर उतरवा.

आणि अर्जात ईमेल देताना रुग्णालयाने दिलेला देऊ नका. नोकरी सुटली की तो बंद होतो आणि नूतनीकरणाची सूचना कुणाच्याच हाती पडत नाही. स्वतःचा, पासवर्ड घरात दुसऱ्या कुणाला तरी माहीत असलेला ईमेल द्या.